फोशानची चाके आणि हायड्रोजनचे गणित

कार्यालयातील फिरत्या खुर्चीखाली पाच चाके असतात. ती आहेत याची आठवण बहुधा त्यांपैकी एखादे तुटल्यावरच होते. मग फर्निचर दुरुस्त करणारा कारागीर येतो, जुने चाक उपटून काढतो आणि बाजारातून काही शे रुपयांत आणलेल्या संचातले नवे चाक हाताने दाबून बसवतो. खुर्ची कोणत्या कंपनीची, कोणत्या देशाची, किती वर्षांपूर्वीची, याची चौकशी करण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. चाकाच्या माथ्यावरचा पोलादी दांडा जवळपास सगळीकडे ११ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यामुळे ओशिवऱ्याच्या बाजारातले चाक युरोपीय बनावटीच्या खुर्चीलाही बिनतक्रार बसते.

ही चाके आणि त्यांवर फिरणाऱ्या खुर्च्या ज्या प्रदेशातून जगभर जातात, त्यात दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांताचे नाव अग्रभागी आहे. फोशान हे त्या प्रांतातील फर्निचरचे प्रमुख शहर. मुंबई-पुण्यातील अनेक फर्निचर व्यापारी आणि अंतर्गत सजावटकार खरेदीसाठी तेथे नेमाने जात असतात. मात्र गेल्या दशकभरात या शहराने स्वतःची आणखी एक ओळख घडवण्याचा खटाटोप केला. कॅनडातील एका कंपनीशी हातमिळवणी करून, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला आपल्या दारी आणून आणि सरकारी तिजोरी सैल सोडून फोशानने ‘हायड्रोजनचे शहर’ होण्याचे ठरवले. त्या प्रयोगाला पुरे दशक उलटून गेले आहे. पुणे-मुंबई मार्गावर हायड्रोजनची वाहने चालवून पाहण्याचा निर्णय आपल्याकडे झालेला असताना फोशानच्या पदरात नेमके काय पडले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

सुट्या भागांचे शहर

२०२० च्या जनगणनेनुसार फोशानची लोकसंख्या सुमारे ९५ लाख आहे. शहराचे वार्षिक उत्पन्न २०१९ मध्ये एक लाख कोटी युआनच्या पुढे गेले. प्रांताची राजधानी ग्वांगझू येथून फोशानला जाणारी मेट्रो २०१० मध्ये सुरू झाली आणि दोन्ही शहरे जवळपास एकच होऊन गेली. तरीही फोशानचा स्वभाव राजधानीचा नाही, तो कारखानदाराचा आहे. शिवान भागातील मातीकाम शतकानुशतकांचे. आजच्या फरशा आणि टाइल्सचा धंदा त्याच परंपरेवर उभा राहिला. शुन्दे हा घरगुती विद्युत उपकरणांचा जिल्हा, ‘मीडिया’ या बलाढ्य कंपनीचे माहेर. त्याच शुन्देत लेकोंग हे फर्निचरच्या घाऊक बाजाराचे गाव आहे. तेथील हमरस्त्यालगतच्या दुकानांच्या रांगेला ‘दहा ली फर्निचर मार्ग’ असे नाव पडले. दहा ली म्हणजे साधारण पाच किलोमीटर. शेजारचे लोंगजियांग हे फर्निचर बनवणारे आणि त्याला लागणारा माल पुरवणारे गाव. थोडे पुढे झोंगशान शहराच्या हद्दीत शियाओलान लागते, जेथे कुलुपे, बिजागऱ्या आणि चाके यांचे कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत.

फर्निचरची ही चाके दिसायला क्षुल्लक असली तरी त्यांच्यामागे विचार आहे. आज सर्वत्र दिसणारे जोडचाक, म्हणजे मध्ये फट असलेली दोन चकत्यांची चाके, हे डेन्मार्कचे वास्तुरचनाकार योर्गन रासमुसेन यांनी १९६५ मध्ये घडवले. पूर्वी खुर्चीला चारच पाय असत. खुर्ची कलंडू नये म्हणून १९७० च्या दशकापासून पाच पायांचा तळ रूढ होत गेला आणि चाकांची मागणी आपोआप सव्वापट झाली. चाकाचा प्रकार जमिनीवर ठरतो. गालिचा असेल तर कडक नायलॉनचे चाक चालते. टाइल्स किंवा लाकडी जमीन असेल तर मऊ पॉलियुरेथेनचे आवरण असलेले चाक लागते, नाहीतर चाक घसरते आणि जमिनीवर ओरखडे उठतात. अमेरिकेतील प्रमाण चाचणीत खुर्चीचा तळ आणि चाके वजनासह एक लाख वेळा पुढेमागे फिरवली जातात, त्यांतल्या दोन हजार फेऱ्या अडथळ्यांवरून होतात. भारतातही केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि त्यात कार्यालयीन खुर्च्यांचा समावेश केला. फोशानहून कंटेनर मागवणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्याची दखल घेतली नसती तरच नवल.

असा उद्योग चीनच्या एका कोपऱ्यात इतका का फोफावला? स्वस्त मजूर हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. दांड्याचे माप ठरलेले, चाचणी ठरलेली, गिऱ्हाईक जगभर पसरलेले. अशा वस्तूत एक कारखाना फक्त नायलॉनची चकती ओततो, दुसरा दांडा कापतो, तिसरा जोडणी करतो. कोणी एक बंद पडला तर दुसऱ्याकडून माल येतो. प्रत्येकाला पैसाभर स्वस्त करण्याची घाई असते, कारण समोरच्या गल्लीत स्पर्धक बसलेला असतो. कोणत्याही परक्या कंपनीची परवानगी लागत नाही आणि सरकारी अनुदानही लागत नाही. फोशानच्या नेत्यांना हायड्रोजनमध्येही हेच घडेल असे वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही. फ्युएल सेल म्हणजे तरी काय, एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या, त्यांमधला पडदा, पंप, झडपा आणि टाक्या. ज्यांना चाके, झडपा आणि नळ बनवता येतात त्यांना हेही बनवता येईल, हा हिशेब वरवर पाहता बिनचूक होता.

कॅनडाचा हात

प्रारंभ २०१५ मध्ये झाला. त्या सुमारास ग्वांगडाँग प्रांताने श्रीमंत शहरांच्या गळ्यात गरीब शहरे बांधण्याचे धोरण राबवले होते. फोशानच्या वाट्याला युनफू आले. दगड कापून गुळगुळीत करणे हा या डोंगराळ शहराचा मुख्य व्यवसाय. दोघांनी मिळून नवे काहीतरी उभारावे, या विचारातून हायड्रोजनच्या बसची कल्पना पुढे आली. कॅनडातील बर्नबी येथील ‘बॅलार्ड पॉवर सिस्टिम्स’ ही फ्युएल सेलमधील जुनी आणि नाणावलेली कंपनी. तिच्याशी सप्टेंबर २०१५ मध्ये फोशान-युनफूसाठी सुमारे तीनशे बसच्या यंत्रणेचा करार झाला. पुढच्याच वर्षी युनफूमध्ये फ्युएल सेलचे संच बनवणारी संयुक्त कंपनी उभारण्याचे ठरले. त्या कराराचे मूल्य पाच वर्षांत किमान १६ कोटी ८० लाख डॉलर सांगितले गेले. बॅलार्डचा भांडवली वाटा मात्र जेमतेम दहा टक्के होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये या दोन शहरांत पहिल्या हायड्रोजन बस धावल्या. २०१७ मध्ये फोशानच्या नानहाई जिल्ह्यातील दानझाओ या गावी व्यापारी तत्त्वावरचे हायड्रोजन भरणा केंद्र सुरू झाले. चीनमधील अशा पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. हे केंद्र उभे करण्यातील खरी अडचण तांत्रिक नव्हती, कागदोपत्री होती. हायड्रोजन हे घातक रसायन की वाहनाचे इंधन, आणि परवाना नेमका कोणत्या खात्याने द्यायचा, हेच चीनमध्ये ठरलेले नव्हते. नानहाईने ते काम बांधकाम खात्याकडे सोपवून मार्ग काढला आणि इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. सरकारी खात्यांत टोलवाटोलवी पाहण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना या साध्या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

दानझाओची पूर्वीची प्रसिद्धी दोन कारणांसाठी होती. एक म्हणजे घरगुती लोखंडी सामान, ज्यासाठी या गावाला चीनमध्ये ‘दैनंदिन हार्डवेअरची राजधानी’ म्हटले जाते. दुसरे म्हणजे कांग यूवेई. १८९८ च्या फसलेल्या सुधारणा चळवळीचे हे प्रवर्तक याच परिसरातले. चळवळ चिरडली गेल्यावर ते परागंदा झाले आणि काही काळ दार्जिलिंगला राहिले. आता त्याच दानझाओत ‘शियानहू हायड्रोजन खोरे’ वसवले गेले आहे. बिजागऱ्या आणि कड्या करणाऱ्या गावात प्रयोगशाळा आल्या, फ्युएल सेलच्या कंपन्या आल्या.

यानंतरची काही वर्षे फोशानसाठी सोहळ्यांची होती. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाची हायड्रोजन उद्योग परिषद नानहाईत भरली. त्याच वर्षाअखेर गाओमिंग जिल्ह्यात साडेसहा किलोमीटरच्या मार्गावर हायड्रोजनवर चालणारी ट्राम सुरू झाली. जगातील पहिल्या व्यापारी हायड्रोजन ट्राममार्गांपैकी तो एक. शहरातील हायड्रोजन बसची संख्या हजाराच्या घरात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने फ्युएल सेल वाहनांच्या प्रात्यक्षिकासाठी शहरांचे तीन गट निवडले. बीजिंग आणि शांघायचे नाव त्यात असणे स्वाभाविक होते. तिसरा गट ग्वांगडाँगचा होता, आणि ग्वांगझू व शेंझेनसारखी मातब्बर शहरे असूनही त्याचे नेतृत्व फोशानकडे आले.

भागीदाराने दार बदलले

या यशाच्या पोटात एक दुखणे होते. संयुक्त कंपनी युनफूमध्ये फ्युएल सेलचे संच जोडत असली तरी त्याचे काळीज, म्हणजे विद्युतरासायनिक क्रिया जेथे घडते ती पडद्याची जोडणी, कॅनडातून येत असे. ती पुरवण्याचा एकाधिकार बॅलार्डने स्वतःकडे राखला होता. दांडा, चकत्या आणि खीळ आपली. फिरण्याची कळ मात्र परक्याच्या खिशात, असा हा प्रकार. चाकांच्या धंद्यात हे कधी घडले नव्हते.

त्याचे परिणाम २०१८ मध्ये दिसले. शांडोंग प्रांतातील ‘वेईचाय’ या डिझेल इंजिने बनवणाऱ्या सरकारी कंपनीने बॅलार्डचे १९.९ टक्के भागभांडवल सुमारे १६ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतले. वेईचायचा ५१ आणि बॅलार्डचा ४९ टक्के वाटा असलेली नवी कंपनी वेईफांग येथे स्थापन झाली. बस आणि मालमोटारींसाठी बॅलार्डच्या पुढच्या पिढीच्या तंत्राचे चीनमधील हक्क तिच्याकडे गेले. फोशान-युनफूच्या वाट्याला आधीच्या पिढीचे तंत्र उरले. ज्या शहराने जमीन दिली, परवान्यांचे नियम घडवले, बस विकत घेतल्या, त्याच्याकडे पाहुणा तीनच वर्षे मुक्काम करून दीड हजार किलोमीटर उत्तरेला निघून गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बॅलार्डला यात दोष देता येणार नाही. नगरपालिका आणि कंपनी यांच्यातील आंतरराष्ट्रीय मैत्रीचे फलक कितीही मोठे असले तरी कंपनी भांडवलदाराकडेच जाणार. अडचणीत सापडलेल्या फोशान-युनफूने मग आपले जुने शस्त्र उपसले. युनफूतील चिनी भागीदाराने स्वतःचे संच विकसित केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरला. नानहाई आणि आसपासच्या कारखान्यांनी पट्ट्या, पडदे, हवेचे दाबयंत्र आणि पंप बनवायला घेतले. फ्युएल सेलच्या किमती काही वर्षांत झपाट्याने उतरल्या. चाकांच्या धंद्यात जे घडले होते तेच येथे घडले. यंत्राच्या बाबतीत फोशानचा हिशेब अखेर बरोबर ठरला.

यंत्र आले, इंधन अडले

हिशेब चुकला तो वायूच्या बाबतीत. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे वजनाच्या मानाने पेट्रोलच्या जवळपास तिप्पट. ऐकायला हे फार आकर्षक वाटते. परंतु पाण्यापासून वीज वापरून एक किलो हायड्रोजन वेगळा करायला ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते. त्यानंतर तो दाबून भरणे, वाहून नेणे यांचा खर्च वेगळाच. बसमधील फ्युएल सेल त्यातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवतो. पन्नासेक युनिट ओतून सोळा-सतरा युनिट हाती लागतात. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर तिच्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक कामी येते. हे भौतिकशास्त्राचे गणित आहे. त्यावर गल्लीतल्या स्पर्धेचा इलाज चालत नाही.

चीन दरवर्षी तीन कोटी टनांहून अधिक हायड्रोजन तयार करतो, पण त्याचा मोठा भाग कोळशापासून होतो आणि तो खते व रसायनांच्या कारखान्यांत जागच्या जागी वापरला जातो. पाण्याच्या विघटनातून मिळणारा वाटा एखाद्या टक्क्याच्या आसपास. कोळशाच्या आणि रसायनांच्या उत्तरेकडील पट्ट्यात उपउत्पादन म्हणून स्वस्त वायू मिळतो. दक्षिणेतील फोशानला ते भाग्य लाभलेले नाही. वायू बाहेरून आणायचा तर लांबलचक नळकांड्यांच्या ट्रेलरमधून. तीस-चाळीस टन वजनाच्या अशा एका गाडीत मावतो जेमतेम तीन-साडेतीनशे किलो हायड्रोजन. त्यातून पंधरा-वीस बसच्या टाक्या भरतात. हजार बस चालवायच्या तर अशा किती गाड्या रोज रस्त्यावर हव्यात, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

केंद्र सरकारच्या योजनेत पंपावरचा दर किलोला ३५ युआनपेक्षा अधिक नसावा, असे उद्दिष्ट होते. फोशानमध्ये अनुदानाशिवाय तो गाठणे अवघड गेले. हायड्रोजनची टंचाई आणि दर यांमुळे बस उभ्या ठेवाव्या लागल्याच्या बातम्या खुद्द चिनी माध्यमांनी दिल्या. बस चालवणाऱ्याला गाडीच्या किमतीवर अनुदान मिळते. पण गाडी रोज रस्त्यावर आणण्याचा खर्च मात्र वायूच्या दरावर ठरतो. उभ्या बसमागचे कारण हे एवढेच आहे.

तुलना दूर शोधायला नको. त्याच प्रांतातल्या शेंझेनने २०१७ अखेर आपल्या सर्व, म्हणजे १६ हजारांहून अधिक बस बॅटरीवर आणल्या. शेंझेनने कोणत्या परदेशी फ्युएल सेल कंपनीशी हात मिळवला नव्हता. त्याला वायूची वाट पाहावी लागली नाही, कारण वीज प्रत्येक आगारात होतीच. राष्ट्रीय पातळीवरही हेच चित्र दिसते. मार्च २०२२ मधील राष्ट्रीय हायड्रोजन आराखड्यात २०२५ पर्यंत ५० हजार फ्युएल सेल वाहनांचे लक्ष्य होते. २०२४ संपताना हा आकडा तीस हजारांच्याही आत होता.

गालिच्यासाठी बनवलेले कडक चाक गुळगुळीत टाइलवर घसरते, हे लोंगजियांगमधल्या कोणत्याही कारागिराला ठाऊक आहे. फोशानने उत्तम चाक घडवले, पण ज्या जमिनीवर ते फिरायचे होते ती आधी तपासली नाही.

तिजोरी एकच

हे सारे चालले असताना शहराचा जुना धंदा मात्र संकटात होता, आणि दोन्ही गोष्टींचा संबंध आहे. शुन्दे जिल्ह्यातील बेईजियाओ हे ‘कंट्री गार्डन’ या एकेकाळी चीनमध्ये अग्रेसर असलेल्या गृहबांधणी कंपनीचे मुख्य ठाणे. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंपनीला परदेशी कर्जरोख्यांवरचे व्याज वेळेत देता आले नाही आणि ऑक्टोबरमध्ये ती थकबाकीदार ठरली. घरबांधणी मंदावली की टाइल्स मंदावतात, कपाटे मंदावतात, पलंग मंदावतात. नवे कार्यालय उघडले नाही तर नव्या खुर्च्या लागत नाहीत. फर्निचरवर अमेरिकेने सप्टेंबर २०१८ मध्ये लावलेला दहा टक्के जादा कर मे २०१९ मध्ये पंचवीस टक्क्यांवर गेला होता. तो घाव आधीच बसलेला होता. २०२४ मध्ये फोशानचा विकासदर अवघा १.३ टक्के राहिला. लाख कोटी युआनच्या शहराला हा आकडा शोभणारा नाही.

चीनमधील नगरपालिकांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात जमिनीच्या विक्रीवर अवलंबून असते. घरे विकली जाईनात तेव्हा जमिनीही विकल्या जाईनात. ज्या तिजोरीतून हायड्रोजनच्या पंपांना आणि बसना अनुदान जात होते, तीच आटू लागली. अनुदानाची गरज वाढण्याचा आणि अनुदान देणाऱ्याची ऐपत घटण्याचा काळ एकच आला. केंद्राच्या प्रात्यक्षिक योजनेची चार वर्षांची मुदतही २०२५ मध्ये भरली. चाकांचा कारखानदार मंदीत पाळ्या कमी करतो, दोन यंत्रे विकतो आणि तग धरतो. अनुदानावर उभ्या असलेल्या पंपाला तशी सोय नसते.

भट्टीकडे वळलेली वाट

तरीही फोशानचा प्रयोग वाया गेला असे म्हणणे घाईचे होईल. २०२२ च्या अखेरीस शियानहू येथील प्रयोगशाळेने आणि टाइल्स बनवणाऱ्या ‘मोनालिसा’ या स्थानिक कंपनीने मिळून केवळ अमोनिया जाळून टाइल भाजून दाखवली. अमोनिया म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचे संयुग. हायड्रोजनपेक्षा तो द्रवरूपात ठेवणे फार सोपे, आणि जळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत नाही. नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडवर मात्र नियंत्रण ठेवावे लागते, शिवाय तो विषारी असतो. टाइल्सच्या भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास तापमान लागते आणि आजवर त्यासाठी कोळसा किंवा नैसर्गिक वायू जाळला जातो. भट्टी एका जागी असते, तिला रस्तोरस्ती पंप नकोत.

बसच्या बाबतीत हायड्रोजनला बॅटरीशी स्पर्धा करावी लागली आणि तो हरला. भट्टीत तसा स्पर्धक इतक्या सहजासहजी उभा राहत नाही. शिवाय हा प्रश्न फोशानचा स्वतःचा आहे, कोणा परदेशी कंपनीच्या विक्रीपत्रकातून आलेला नाही. गुजरातमधील मोरबीचे टाइल उत्पादक, जे फोशानचे जागतिक बाजारातले प्रतिस्पर्धी आहेत, त्यांनी या प्रयोगावर बारीक नजर ठेवायला हवी. भावी काळात युरोपला टाइल विकताना भट्टीत काय जाळले याची विचारणा होणार, अशी चिन्हे आहेत.

पुणे-मुंबईच्या वाटेवर

महाराष्ट्रासाठी हा विषय आता परका राहिलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात ‘केपीआयटी’ आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी विकसित केलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस सादर झाली. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने आपले हरित हायड्रोजन धोरण जाहीर करून ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद सांगितली. मार्च २०२५ मध्ये केंद्राने ३७ वाहने आणि नऊ भरणा केंद्रांच्या पाच प्रायोगिक प्रकल्पांना सुमारे २०८ कोटी रुपये मंजूर केले. निवडलेल्या मार्गांत पुणे-मुंबई आहे. त्याच महिन्यात ‘टाटा मोटर्स’ने सोळा मालमोटारींच्या चाचण्या सुरू केल्या.

या ३७ वाहनांपैकी १५ फ्युएल सेलची आहेत आणि २२ हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाची. दुसरा प्रकार ऊर्जेच्या हिशेबात आणखी उधळा, पण इंजिनाचे भाग आपल्याकडे तयार होतात ही त्याची जमेची बाजू. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधील सुट्या भागांचे कारखानदार शुन्देतील कारखानदारांपेक्षा फार वेगळे नाहीत. ठरलेले माप आणि खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले की ते पडदाही बनवतील आणि पंपही, हे मान्य करायला हरकत नाही. भार पेलणारी मालमोटार आणि खंडाळ्याचा घाट यांचा विचार करता शहरातील बसपेक्षा येथे हायड्रोजनची बाजू थोडी बळकट आहे, हेही खरे.

मात्र फोशानचा अनुभव पाहता प्रश्न वाहनाचा नाही. पुणे-मुंबई मार्गावर भरला जाणारा हायड्रोजन कोठे तयार होणार, कोणत्या विजेवर, आणि नळकांड्यांच्या गाडीतून किती अंतर कापून पंपावर येणार? टाटांच्या चाचण्या जास्तीत जास्त चोवीस महिने चालणार, असे त्या सुरू होताना सांगण्यात आले होते. प्रायोगिक प्रकल्प उभे करायला १८ ते २४ महिन्यांची मुदत आहे. ती मुदत आणि तो निधी संपल्यावर एका किलोचा दर मालवाहतूकदाराने द्यायचा की सरकारने, याचे उत्तर वाहनांच्या संख्येसोबत जाहीर झालेले नाही.